साधने सोबत आणावीत

तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी वस्तादांच्या गालाची कातडी कानाकडे ओढली आणि वस्तरा खाली आणला. फेसाची एक पट्टी निघून गेली.

“मनगट सैल सोड. भाजी चिरतेस का?”

“बोलू नका, लागेल.”

“चाळीस वर्षं बोलत बोलत दाढ्या केल्या मी. गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा थांबायचं. ते श्वास घ्यायला थांबलं की आपण एक हात मारून घ्यायचा. थांबायचं कधी हे ज्याला कळलं, त्याला दाढी आली.”

“मला कळलंय. आता तुम्ही थांबा.”

वस्ताद थांबले. ती हनुवटीखाली आली. ही जागा सगळ्यात अवघड, कारण हात थरथरत नसतील तेव्हा वस्तादांची मान थरथरायची. तिने कपाळाला तळहात लावून डोकं मागे टेकवलं आणि तीन छोट्या फटक्यांत गळा मोकळा केला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ती हे शिकली होती. गल्लीत सगळे नवऱ्याला वस्ताद म्हणत, म्हणून तिला लग्नापासून वस्तादीण म्हणत आले होते. आता नाव खरं झालं होतं, पण त्याचा आनंद कुणाला होणार?

दुकान गेलं तेव्हा खुर्ची नव्या मालकाकडे गेली. मोठा आरसा तेवढा वस्तादांनी घरी आणला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा आणि चामड्याचा पट्टा एका कापडी पिशवीत राहिला. कंपवात झालेल्या माणसाने दाढी वाढवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण वस्ताद म्हणत, “मी वाढल्या दाढीनं दारात उभा राहिलो तर लोक म्हणतील, ज्याला स्वतःचं तोंड सांभाळता आलं नाही त्याच्यापुढं आपण गळा धरत होतो.” म्हणून रोज सकाळी ही खिडकीजवळची अर्ध्या तासाची शाळा भरायची.

तिने तुरटी फिरवली, टॉवेलने गाल टिपले.

“गोळी?” वस्तादांनी विचारलं.

“दिली की मघाशी.”

हे खोटं होतं. सातची गोळी तिच्या हातरुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती. वस्तादांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उडत होता. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला, मग दोन्ही उडायला लागले.

“असेल,” ते म्हणाले. “चल, शर्ट दे.”

तिने सगळं सामान पिशवीत भरलं. फेरतपासणीच्या नोटिशीत तसं लिहिलंच होतं.

*

तीन महिन्यांपूर्वी तपासणीस बाई घरी आल्या होत्या. दिवसाला अकरा घरं, एका घराला पंधरा मिनिटं, असं त्यांनीच चपला काढता काढता सांगितलं होतं. चांगल्या होत्या बोलायला. त्या येणार म्हणून वस्ताद पहाटेपासून तयार होते. दाढी उलटी-सुलटी दोनदा करून घेतली, धुतलेला शर्ट घातला आणि बाई दारात येताच उठून उभे राहून “या, या” म्हणाले. मग खाली बसले ते दोन्ही हात मांडीखाली घालूनच.

तिने खुणावलं. ते बघेनात. तिने चहा आणला. वस्तादांनी कपाला हात लावला नाही, चहावर साय धरली. बाई विचारत होत्या, ते उत्तरं देत होते. जेवण स्वतः करता का? “करतो की.” पायऱ्या चढता येतात का? “न चढायला काय झालं?” परक्या बाईसमोर, नको ते कसं सांगायचं? घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा मांडीवर पडतो, शर्टाची बटणं बायको लावते, हे माणूस पाहुण्याला सांगतो का?

बाई गेल्यावर ती कडाडली होती.

“ताकाला जाऊन भांडं लपवायचं! तेही मांडीखाली!”

“पोरीच्या वयाची बाई ती. तिच्यासमोर हात नाचवत बसू?”

“नाचवायचेच होते! त्याचेच पैसे देतात ते!”

पंधरा दिवसांनी कागद आला. चेहरा स्वच्छ, दाढी केलेली. स्वतःची निगा राखू शकतात. हात स्थिर, कंप आढळला नाही. संभाषण सुसंगत. मूळ व्यवसायात हलके काम करण्यास सक्षम. सबब भत्ता बंद करण्यात येत आहे.

तिने तो कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी सगळा कागद खोटा होता. बाईंनी जे पाहिलं ते लिहिलं. चेहरा स्वच्छ होताच, पण तो कुणी केला हे विचारायला कागदावर जागा नव्हती. हात हलत नव्हते, कारण त्यांच्यावर अख्खा वस्ताद बसला होता.

आणि खरी मेख पुढेच होती. त्या दिवशी हात मांडीखाली तरी शांत कसे राहिले? कारण दोन वर्षं भत्ता येत होता. भत्ता आला म्हणून ती इस्पितळाच्या धुलाईखान्यातलं काम सोडून घरी राहू शकली. त्याआधी ती कामावर असताना वस्ताद एकदा पेटत्या शेगडीवर पडले होते, त्याचा डाग अजून कोपरावर होता. भत्ता आला म्हणून पूर्ण गोळ्या आल्या, दिवसाला चार. गोळी पोटात गेली की अर्ध्या-पाऊण तासाने हात शांत व्हायचे आणि दोन-तीन तास शांत राहायचे. म्हणजे पैसे आले म्हणून गोळ्या आल्या, गोळ्या आल्या म्हणून हात थांबला, आणि हात थांबला म्हणून पैसे थांबले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. असा हिशेब एखाद्या दुकानदाराने केला असता तर लोकांनी त्याचं दुकान फोडलं असतं. सरकारने केला की त्याला निकष म्हणतात.

आता पाकिटात सात गोळ्या उरल्या होत्या, त्याही ती दिवसाला दोनच देत होती. धुलाईखान्याच्या मुकादमाने सोमवारपासून ये म्हणून सांगितलं होतं, रोज दहा तास. आज फेरतपासणीत भत्ता परत मिळाला नाही, तर सोमवारी सकाळी वस्तादांना आत ठेवून बाहेरून कडी घालायची, एवढंच तिच्या हातात राहणार होतं. शेगडी शेजारणीकडे ठेवायची, असंही तिने ठरवून ठेवलं होतं.

*

कचेरीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवीत हात घातला आणि वस्तरा बाहेर काढला.

“हे काय?”

“वस्तरा.”

“दिसतंय मला. धारदार वस्तू आत नेता येत नाही.”

तिने नोटीस पुढे केली. पहारेकऱ्याने बोट फिरवत वाचलं. “अर्जदाराने व्यवसायाची साधने तपासणीसाठी सोबत आणावीत.” त्याने शिक्का पाहिला, कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

“सरकारनंच वस्तऱ्याला बोलावलंय,” तो म्हणाला, “तर मी कोण अडवणारा? जा. बाहेर उघडू नका.”

पॅसेजमधल्या बाकावर साधनांची जत्राच भरली होती. एका गवंड्याने मांडीवर थापी आणि ओळंबा धरला होता. परांचीवरून पडून त्याचा कणा मोडला होता, बसताना पाठीला फळी लावून बसायचा. त्याच्या पलीकडे एक शिंपीण होती. तिने शिलाई मशीनचं वरचं डोकं चादरीत गुंडाळून आणलं होतं आणि आता ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. एका डोळ्याला पट्टी बांधलेला बसचा ड्रायव्हर तेवढा रिकाम्या हातांनी आला होता.

“मी विचारलं खिडकीवर,” तो सांगत होता, “साधन म्हणजे बस आणायची का? तो म्हणतो, जे असेल ते आणा. म्हटलं आणतो बाबा, एका डोळ्यानं आणतो, तुझ्या खिडकीपर्यंत आणतो. मग म्हणाला, नको, लायसन्स चालेल.”

सगळे हसले. गवंडी हसता हसता कण्हला. त्याच्या गालांवर दहा दिवसांची दाढी होती.

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, काका?” त्याने वस्तादांच्या गुळगुळीत गालांकडे बघत विचारलं. “दाढी करून यायचं नसतं इथं. अंघोळसुद्धा नको म्हणतात. जेवढं भिकारी दिसाल तेवढं बरं.”

वस्तादांनी त्याच्या गालाकडे निरखून पाहिलं.

“तुझे केस दाट आहेत,” ते म्हणाले. “हनुवटीवर भोवरा आहे. नवशिक्याकडं जाऊ नकोस, कापेल.”

“आधी हे होऊ दे. मग बघू.”

ती वस्तादांच्या हातांकडे बघत होती. ते मांडीखाली होते. कोपरांपासून खांद्यांपर्यंत मात्र सगळं हलत होतं, शर्टाची बाहीसुद्धा. शेवटची गोळी देऊन आता चौदा तास झाले होते.

“हात वर काढा,” ती हळूच म्हणाली.

“गार लागतंय हातांना.”

“आत गेल्यावर तरी काढा. तुमच्या पाया पडते.”

वस्तादांनी हात आणखी आत सरकवले. तिने रुमालाची गाठ चाचपली. गोळी होती. आपण नवऱ्याची गोळी चोरली, असं तिने स्वतःशी एकदा स्पष्ट म्हणून पाहिलं. मग तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्या हातांनी त्याला बरं करायचं त्याच हातांनी आजारी करून आणायला लावलं होतं या कचेरीनं.

शिपायाने नाव पुकारलं.

*

साहेब वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट माणसावर ओरडता तरी येतं. त्याने दोघांना बसायला सांगितलं, शिपायाकडून पाणी मागवलं, खिडकीतून वस्तादांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं तर पडदा सारू का म्हणून विचारलं. शेजारी त्या दिवशीच्या तपासणीस बाई फायलींच्या चळतीमागे बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून ओळख दाखवली.

साहेबाने अहवाल वाचून दाखवला, चेहऱ्यापासून हलक्या कामापर्यंत.

“यात चुकीचं काय आहे, ते सांगा,” तो म्हणाला.

“दाढी मी करते,” ती म्हणाली. तिने पिशवी टेबलावर ठेवली. “रोज सकाळी. आजचीही मीच केली.”

“तुम्ही पत्नी आहात. तुमचं म्हणणं मी ऐकतो, पण तो पुरावा धरता येत नाही.”

“मग पुरावा कुणाकडून आणू? आमच्याकडं तिसरं माणूस नाही. यांचा चेहरा स्वच्छ आहे म्हणून भत्ता बंद केलात तुम्ही. उद्यापासून नवऱ्याला मळकट ठेवू? तोंडाला राख फासून आणू? माणूस माणसासारखा दिसला की त्याचं दुखणं खोटं?”

“बाई, तुमचा राग मी समजू शकतो.”

“समजू नका. लिहा.”

तपासणीस बाईंनी खाली पाहिलं. साहेबाने पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही. तो वस्तादांकडे वळला.

“काका, हात बघू.”

ती पुढे सरकून बसली. एवढंच तर हवं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन हात टेबलावर ठेवायचे, पाच मोजेपर्यंत ठेवायचे आणि घरी जायचं.

“बरे आहेत हात,” वस्ताद म्हणाले. हात मांडीखालीच राहिले.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. आज ते म्हणायलाही तोंड उघडेना. तिने नुसते डोळे मिटले. सोमवारची कडी तिला ऐकू आली.

साहेबाने तपासणीस बाईंकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

“हे बघा,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “दिवसभर राबा असं कुणी म्हणत नाही. हलकं काम, जमेल तेवढं. केस नका कापू. नुसती दाढी-बिढी करा.”

“दाढी-बिढी?” वस्ताद म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढले. एक टेबलावर टेकवून ते उठले आणि पाण्याचा पेला नाचायला लागला. पिशवीत हात घालून त्यांनी एकेक वस्तू बाहेर घेतली. वाटी, साबण, ब्रश. तुरटी निसटून खाली घरंगळली. ती उचलायला वाकली.

“तू बस,” ते म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली. “साहेब, या.”

“काय?”

“तुमचा कागद म्हणतो मला काम येतं. माझी ना नाही. चाळीस वर्षं तेच केलं. या, बसा. तुमच्या जबड्याखाली चार केस राहिलेत, घाईत उरकता तुम्ही.”

साहेबाचा हात नकळत जबड्याखाली गेला. केस होते. तो हसला. बाई “साहेब, नको” असं काहीतरी पुटपुटल्या. पण माणूस दिलदार होता, किंवा कुणाचं ढोंग उघडं पाडायची ही बरी संधी आहे असं त्याला वाटलं असेल. तो टेबलाला वळसा घालून आला आणि खुर्चीत बसला.

“करा,” तो म्हणाला.

वस्तादांनी पिशवीतला पांढरा कपडा झटकून त्याच्या छातीवर टाकला आणि मानेमागे गाठ मारायला लागले. गाठ बसेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. त्यांची बोटं साहेबाच्या मानेवर, केसांत, कॉलरमध्ये टकटक आपटत होती. साहेबाचं हसू कमी कमी होत गेलं. तिसऱ्या खेपेला वस्तादांनी कपड्याची टोकं नुसतीच कॉलरमध्ये खोचली. मग पेल्यातलं पाणी वाटीत ओतलं, थोडं वाटीत पडलं. ब्रश फिरवला आणि फेस लावला. फेस गालाला लागला, कानात गेला, चष्म्यावर उडाला.

“अहो, जरा...” साहेब म्हणाला.

“बोला, बोला. गिऱ्हाइकानं बोलावं.”

वस्तादांनी वस्तरा उघडला.

खिडकीतलं ऊन पात्यावर पडलं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका उमटला. तो एका जागी राहीना. कपाटावरून छतावर गेला, छतावरून कॅलेंडरवर, तिथून तपासणीस बाईंच्या कपाळावर, परत भिंतीवर. खोलीतले सगळे त्या ठिपक्याकडे बघत होते. वस्तादांनी डाव्या हाताने साहेबाच्या गालाची कातडी ताणायला बोटं टेकवली. ती कानाकडे सरकली, तिथून डोळ्याजवळ गेली. वस्तरा जवळ आला.

साहेब उठला.

खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. तो तोंडभर फेस घेऊन उभा होता आणि त्याचा तळहात गळ्यावर होता. चाळीस वर्षांत भरल्या फेसाने खुर्चीवरून उठून गेलेलं वस्तादांचं हे पहिलं गिऱ्हाईक.

“राहू द्या,” तो म्हणाला.

“का?”

“नको. समजलं मला.”

“समजलं ना?” वस्तादांनी वस्तरा मिटायचा प्रयत्न केला. तो मिटेना. तिने जवळ जाऊन त्यांच्या मुठीतून अलगद काढून घेतला आणि मिटला. “मग का उठलात, तेवढं कागदावर लिहा.”

तिने टॉवेल साहेबाच्या हातात दिला. त्याने तोंड पुसलं, टेबलामागे जाऊन बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला. तपासणीस बाई खाली वाकून जमिनीवरची तुरटी शोधत होत्या. ती सापडल्यावर त्यांनी ती तिच्या हातात दिली, आणि काहीतरी बोलणार होत्या तेवढ्यात शिपायाने पुढच्या नावाची फाइल आणली.

“भत्ता पूर्ववत,” साहेब म्हणाला. “कागदावर बाहेर शिक्का घ्या. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.”

“हा आजार बरा होत नाही, साहेब,” ती म्हणाली. “डॉक्टरांचा कागद आहे फायलीत.”

“नियम आहे. तेव्हाही साधनं सोबत आणा.”

*

शिक्क्याचा माणूस जेवायला गेला होता. दोनपर्यंत थांबा म्हणाले. दोघं परत त्याच बाकावर येऊन बसली. गवंड्याची पाळी अजून आली नव्हती. ड्रायव्हरने विचारलं, “झालं का?”

“झालं,” ती म्हणाली.

तिला हायसं वाटायला हवं होतं. सोमवार टळला होता. गोळ्या येणार होत्या, उद्याच, पूर्ण पाकीट. पण शेजारी वस्ताद समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, आणि आज त्यांचे हात उघडे मांडीवर होते, वाट्टेल तसे उडत होते. ते झाकायचंही भान त्यांना नव्हतं. आत एक काम त्यांनी हातात घेतलं होतं आणि गिऱ्हाईक उठून गेलं होतं.

तिने रुमालाची गाठ सोडली. गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, बाटलीने पाणी पाजलं, हनुवटी पुसली.

“सातची ना ही?” वस्तादांनी विचारलं.

“हो.”

“मला कळलं होतं सकाळीच.”

“मग मागितली का नाही?”

त्यांनी साहेबाच्या बंद दाराकडे पाहिलं.

“दिली असतीस,” ते म्हणाले, “तर मी केली असती त्याची दाढी. जबड्याखालचे केससुद्धा राहिले नसते.”

“केली असती,” ती म्हणाली.

“आणि घरी बसलो असतो उपाशी.”

“हो.”

तिने त्यांच्या उडत्या हातावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. शिंपिणीला बोलावलं. ती मशीनचं डोकं छातीशी धरून आत गेली आणि थोड्या वेळाने तसंच धरून बाहेर आली, सरळ जिन्याकडे गेली. ड्रायव्हर लायसन्स काढून पुन्हा पुन्हा पुसत होता. दीड वाजून गेला.

तिच्या तळहाताखालचा हात थांबला होता. आधी तिला कळलंच नाही. मग तिने हात उचलून पाहिलं. वस्तादांनीही पाहिलं. त्यांनी बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. मग शेजारच्या गवंड्याकडे वळले.

“बघू रे.”

त्यांनी दोन बोटांनी गवंड्याच्या गालाची कातडी कानाकडे ओढली. बोटं जिथे टेकली तिथेच राहिली. त्यांनी हनुवटीवरचा भोवरा अंगठ्याने चाचपला, जबड्याच्या कडेने बोट गळ्यापर्यंत आणलं. गवंड्याने आपसूक मान वर केली आणि डोळे मिटले. माणूस असा गळा धरतो तो भरवशाच्या हातापुढेच. ती बघत राहिली. दोन वर्षांत तिने वस्तादांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

“गरम पाणी लागेल,” वस्ताद म्हणाले. “पण होईल. झकास होईल.”

खोलीचं दार उघडलं. साहेब आणि तपासणीस बाई जेवणाचे डबे घेऊन बाहेर आले. साहेबाच्या कानामागे फेसाचा एक ठिपका वाळून राहिला होता. तो शिपायाशी काहीतरी बोलला आणि बाकाच्या दिशेने यायला लागला. शिक्का अजून बसायचा होता.

वस्तादांनी गवंड्याच्या गालावरून बोटं काढली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

या वेळी ती त्यांना हात वर काढा म्हणाली नाही. तिने वस्तऱ्याची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जरा सरकून त्यांना खेटून बसली.